कोकम, लिंबू आणि काजूची फेणी : घरगुती कॉकटेलच्या प्रकल्प नोंदी

२५ एप्रिल २०२५, शुक्रवार

म्हापशाच्या बाजारात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आलेत. हंगामाची सुरुवात, त्यामुळे टोपलीत अर्धा माल हिरवटच. बाई निवडू देत नव्हती, मग दोन टोपल्या रिकाम्या करायच्या बोलीवर निवडू दिलं. चार किलो घेतले. गडद, जांभळट लाल, बोटाने दाबलं की किंचित दबणारे.

काम काय आहे ते आत्ताच लिहून ठेवते. २४ जूनला सांजांव, म्हणजे गोव्यातला संत जॉनचा सण. शेजारच्या अंकल-आंटींच्या गच्चीवर दरवर्षी वीसेक माणसं जमतात आणि दरवर्षी तेच होतं : फेणीत बाटलीतलं लिंबाचं गोड पेय ओतायचं, वर मिठाची चिमूट. यंदा पेयाचं खातं माझ्याकडे आलंय. तीनच गोष्टी वापरायच्या असं ठरवलंय : काजूची फेणी, कागदी लिंबू आणि घरी केलेलं कोकमाचं सरबत. तयार सरबत आणायला हरकत नव्हती, पण त्यात जिरं-मीठ आधीच घातलेलं असतं. मग प्रमाण आपल्या हातात राहत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळ रातांबे फोडण्यात गेली. आडवा काप, दोन वाट्या वेगळ्या, आतला पांढरट गर बियांसकट एका पातेल्यात, साली दुसऱ्यात. चार किलोंमधून साली दोन किलोंच्या जवळपास निघाल्या. म्हणजे निम्मं वजन बी आणि गरातच जातं. ॲल्युमिनियमचं भांडं या कामाला नको, आंबट इतकं जहाल असतं की भांड्याची चव उतरते. चिनी मातीच्या दोन बरण्या काढल्या.

पहिल्या बरणीत एक किलो साली, दोन किलो साखर. दुसरीत एक किलो साली, दीड किलो साखर. सालीचा थर, साखरेचा थर, सगळ्यात वर साखरच. वर मलमलचं फडकं घट्ट बांधलं.

सत्तरी तालुक्यातल्या मामीला फोन केला होता.
“सालीच्या दुप्पट साखर घाल गो. कमी घातलीस तर फसफसेल.”
“मामी, मला जरा आंबट हवंय. दारूत घालायचंय.”
“दारूत?” मग थोडा वेळ काहीच नाही. “आंबट हवं तर आगळ घाल. साखर वाचवून कोणी आंबट करतं का?”

मामीचं ऐकून बियांच्या गराला मीठ चोळून ठेवलं, खाली सुटेल ते आगळ. बिया धुऊन, वाळवून मामीकडे पाठवायच्या. तिच्याकडे अजून या बियांचं तेल, भिरंडेल, काढतात.

हात लालभडक. साबण लावला तर लाल उतरायच्या आधी निळसर-करडा झाला. कोकमाचा रंग आम्लात लाल आणि अल्कलीत निळ्याकडे जातो, म्हणून असं होतं. याचा पुढे उपयोग करता येईल.

२९ एप्रिल, मंगळवार

दोन्ही बरण्या दिवसभर गच्चीत, संध्याकाळी आत. साखर ओली होऊन खाली बसली, साली तरंगायला लागल्या. लाकडी उलथन्याने वरखाली केलं. उलथनं कोरडंच हवं.

५ मे, सोमवार

दीडपटीच्या बरणीतली साखर जवळजवळ पूर्ण विरघळली. दुपटीच्या बरणीत तळाला अजून दोन बोटं साखर आहे. साली चामड्यासारख्या आकसल्यात. पाणी सगळं त्यांच्यातलंच, बाहेरून थेंब घातलेला नाही. बाहेर साखर दाट आणि सालीत पाणी जास्त, म्हणून पाणी आपोआप बाहेर ओढलं जातं. आम्ल आणि उन्हाची ऊब मिळून साखरेचा काही भाग ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडतो, त्यामुळे हे सरबत पाकासारखं सहजासहजी खडे धरत नाही. गॅसवर उकळून तासाभरात करता येतं, पण त्या सरबताचा रंग विटकरी होतो. घाई नाही.

१० मे, शनिवार

दीडपटीची बरणी गाळली. मलमलमधून, पिळलं नाही. पिळलं की सरबत गढूळ होतं.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर १०० मिली सरबत १२९ ग्रॅम भरलं. म्हणजे वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास साखर. दुपटीच्या बरणीतलं वरवर काढून मोजलं, ते १३२.

उर्राक अजून मिळतेय म्हणून आधी तीच घेतली. उर्राक म्हणजे बोंडूच्या (काजूच्या फळाच्या) आंबवलेल्या रसाची पहिली वाफ, फेणीपेक्षा बरीच सौम्य, मार्च ते मे एवढाच तिचा हंगाम. ९० मिली उर्राक, १५ मिली सरबत, अर्धं लिंबू, बर्फ, सोडा. फारच छान झालं. बोंडूचा वास समोर, कोकम मागून. खरं तर मे महिन्यात दुसरं काही करायची गरजच नाही. पण उर्राक टिकत नाही, जूनअखेर तिला वेगळाच कुबट वास येतो. सांजांवला फेणीच.

माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण वापरतेय. ५, १०, १५ मिलीच्या रेघा आहेत, याहून चांगलं काही घरात नाही. शेकर म्हणून रुंद तोंडाची लोणच्याची बरणी, रबराच्या चकतीचं झाकण असलेली.

११ मे, रविवार

आजचं काम आंबटपणा मोजायचं. जगभर अशा पेयांचा ढाचा एकच असतो : दारू साधारण ६० मिली, लिंबू २० ते २५, साधा पाक तेवढाच. पण तिथला पाक फक्त गोड असतो. कोकमाचं सरबत गोडही आणि आंबटही. पाकाच्या जागी ते ओतून लिंबू तेवढंच ठेवलं तर दात आंबणार, आणि लिंबू अंदाजाने कमी केलं तर नेमकं किती?

१०० मिली पाण्यात ५ ग्रॅम खायचा सोडा. सुई काढलेली १० मिलीची सिरिंज. ५ मिली लिंबाच्या रसात कोकमाचे चार थेंब टाकले, रंग बदलला की कळावं म्हणून. सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडत गेले. फेस, फेस, फेस, आणि साधारण आठ मिलीला लाल रंग जांभळा झाला. मग ५ मिली कोकम सरबत. तिथे तीन मिलीच्या आतच काम झालं.

म्हणजे माझ्या दीडपटीच्या सरबताचा आंबटपणा लिंबाच्या रसाच्या साधारण एक तृतीयांश. प्रयोगशाळेत हे कोणी मान्य करणार नाही, मला पुरतं.

नवरा म्हणाला, “एवढं करण्यापेक्षा चाखून बघ.” चाखणं आहेच. पण आठव्या घोटानंतर जीभ काहीही सांगते.

हिशेब असा. २० मिली सरबतात साधारण १५ ग्रॅम साखर येते आणि सात मिली लिंबाइतकं आम्ल. नेहमीच्या ढाच्यात तेवढ्या साखरेला २२ ते २५ मिली लिंबू लागतं. सात मिलीचं काम कोकमाने केलं, उरलं १५ मिलीचं. एका बऱ्या कागदी लिंबातून तेवढाच रस निघतो. एक पेला, एक लिंबू. लक्षात ठेवायलाही सोपं.

१७ मे, शनिवार

फेणी आणली, परवाना असलेल्या दुकानातून, लेबल असलेली : ४२.८ टक्के. गावातली बिनलेबलाची बाटली जास्त झणझणीत असते हे मान्य, पण तिचा जोर दर बाटलीला वेगळा. वीस माणसांसाठी मोजून करायचं तर आकडा हवा. काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६मध्ये गोवा सरकारने ती वारसा पेय म्हणून जाहीर केली, तरी आमच्या इमारतीत अर्ध्या लोकांना तिचा वास नको असतो. त्यांच्यासाठी वास दडपायचा नाही, हे माझं आधीच ठरलंय. वास नको असेल तर वोडका आहे.

४५ मिली फेणी, २० सरबत, १५ लिंबू. बर्फ घालून बरणी दहा सेकंद जोरात हलवली. घातलं होतं ८० मिली, गाळून निघालं १०३. म्हणजे बर्फाचं पाणी पाव हिश्श्याहून थोडं जास्त. हे पाणी हवंच, त्याशिवाय फेणी घशाला ओरबाडते. वर ६० मिली सोडा.

रंग : माणकासारखा. लिंबू पडलं की कोकम आणखी उजळतं. वर गुलाबी फेस येतो, मिनिटभर टिकतो.

चव : गोड-आंबट बरोबर. पण लिंबू लागतच नाही. आंबट आहे, पण लिंबाचं म्हणून काही नाही. कोकमाचं आंबट जिभेच्या दोन्ही बाजूंना धरून बसतं, फेणीचा वास नाकात, मधे जागा रिकामी. लिंबू २०, २५ करून पाहिलं. फक्त जास्त आंबट. लिंबाचा वास रसात असतोच किती?

२१ मे, बुधवार

पाऊस. वळवाचा नाही, धो धो. दोन दिवस ऊन दिसलेलं नाही. दुपटीची बरणी अजून उन्हाची होती, ती घरात घेतली. दीडपटीच्या गाळलेल्या सरबतावर बारीक बुडबुडे दिसले, कडेने, मोहरीएवढे. वास अजून चांगला आहे. तिन्ही बाटल्या फ्रिजमध्ये ढकलल्या. मामीचं “फसफसेल” आठवलं. दुपटीचं सरबत ओट्यावर उघडं राहूनही शांत आहे.

थोडक्यात : दुपटीचं सरबत वर्षभर ठेवायला, दीडपटीचं फ्रिजमध्ये ठेवून दोन महिन्यांत संपवायला. पेयासाठी मला दीडपटीचंच आवडतं, कारण गोडी कमी असल्याने फळ जास्त लागतं.

३१ मे, शनिवार

लिंबाचा वास सालीत असतो, हे काही नवं ज्ञान नाही, पण कागदी लिंबाची साल सोलायला गेलं की पांढरं कातडं सोबत येतंच. इतकी पातळ ती. संत्र्याचे किंवा मोठ्या पिवळ्या लिंबाचे लांब पट्टे काढून साखरेत चुरतात, तसं इथे होत नाही. किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूने, एका जागी एकदाच फिरवून, फक्त हिरवं किसून घेतलं. हिरवी लिंबं लागतात. पिवळी झाली की किसात दम नसतो.

चार लिंबांचा कीस २०० मिली कोकम सरबतात. झाकण लावून ठेवला. साखर जशी सालीतलं पाणी ओढते तशी या किसातलं तेलही धरून ठेवते. दर थोड्या वेळाने चमचाभर चाखत गेले. अर्ध्या तासात वास आला. दोन तासांनी पूर्ण उतरला. अर्धं सरबत तेव्हाच गाळलं, अर्धं मुद्दाम रात्रभर तसंच ठेवलं.

१ जून, रविवार

रात्रभरचं कडवट. घोट गिळल्यावर मागे राहणारं, लिंबाचं लोणचं मुरायच्या आधी लागतं ते. दोन तासांचं पक्कं.

पुन्हा तेच माप, ४५-२०-१५, फक्त सरबत किसाचं. आता पेला तोंडाजवळ नेताच लिंबू येतं, मग फेणी, मग कोकम. रिकामी जागा भरली. एवढंच नाही, लिंबाचा रस १५चा १२ केला तरी चालतं. आंबटपणाचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भार कोकमाने उचललाय, लिंबाकडे मुख्य काम वासाचं. सगळ्या प्रकल्पाचा निकाल म्हणायचा तर हाच.

मीठही ठरवलं. काळं मीठ बाद, त्याचा गंधकाचा वास फेणीशी भांडतो. साधं मीठ चालतं, पण आगळ उत्तम. पाव चमचा आगळ घातलं की मीठ आणि कोकम दोन्ही येतं आणि साखर वाढत नाही. मामीला फोन करून सांगितलं.
“मग मी काय म्हटलं होतं?” एवढंच बोलली आणि बिया कधी पाठवतेस ते विचारलं.

७ जून, शनिवार

किरकोळ चाचण्या, घाईत लिहिते.

माडाची फेणी : दक्षिणेकडच्या मैत्रिणीने दिली. माडाच्या ताडीपासूनची, वास मवाळ. लिंबाशी छान, पण कोकम तिला झाकून टाकतं. माडाच्या फेणीला कोकम नको, नुसतं लिंबू आणि साखर द्यावी.

हिरवी मिरची : उभी चिरलेली मिरची उर्राकच्या पेल्यात सगळेच टाकतात. इथेही बरी लागते. फक्त टोक चिरायचं. पूर्ण चिरली तर पहिला घोट बरा आणि शेवटचा जाळ.

फेस टिकवण्यासाठी काबुली चणे शिजवलेलं पाणी, १५ मिली. फेस खरंच टिकला, जाड, गुलाबी, फोटोला सुंदर. चवीला काही नाही. वीस जणांसाठी हे करत बसणार नाही.

गाळून उरलेल्या साखरेतल्या साली : अर्ध्या वाळवल्या, मुलं खातात. अर्ध्या फेणीत बुडवून बाटली बंद करून ठेवली. पेल्यावर लावायला एकेक.

१५ जून, रविवार

वीस पेल्यांचा हिशेब. लोणच्याची बरणी वीस वेळा हलवणं शक्य नाही, म्हणून बर्फाचं पाणी आधीच मोजून घालायचं.

फेणी ९०० मिली, किसाचं कोकम सरबत ४००, गार पाणी ४५०, आगळ पाच चमचे. हे सगळं आदल्या रात्री एकत्र करून फ्रिजमध्ये. लिंबाचा रस २४० मिली, म्हणजे वीस लिंबं धरायची, पण तो त्या संध्याकाळीच पिळायचा. पिळलेला रस चार-पाच तासांनंतर उतरतो. एकूण दोन लिटर. पेल्याला १०० मिली, वर ६० मिली सोडा.

जोर किती? पेल्यात १९ मिलीच्या आसपास शुद्ध अल्कोहोल, १६० मिली पेय, म्हणजे बारा टक्के. सरबतासारखं गोड लागतं आणि वाइनइतकं चढतं. हे पाटीवर लिहून ठेवायला हवं, नाहीतर लोक तहान भागवतात.

गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि कॉलेजातल्या पोरांसाठी (गोव्यात वयाची अट २१) वेगळा जग : फेणीच्या जागी गार पाणी, लिंबू थोडं जास्त, आलं किसून पिळलेला रस चमचाभर. आल्याने घशाला थोडी धग लागते, फेणीची उणीव कमी भासते. तोही जग मी तितक्याच मनापासून चाखला.

सावंतवाडीचा मावसभाऊ फोनवर. “ताई, दोन बाटल्या आणून दे ना येताना.” सरबताच्या दोन देते म्हटलं. फेणी हद्दीपलीकडे परवान्याशिवाय नेता येत नाही, आणि महाराष्ट्रात ती प्यायलाही परवाना लागतो, वय पंचवीसच्या वर. “मग मीच येतो,” म्हणाला. तेच सोपं.

२४ जून, मंगळवार

सांजांव. सकाळपासून पाऊस. पोरं डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून मागच्या विहिरीवर. नव्या जावयाला आधी ढकललं, मग सगळेच. फणसाचे गरे, सान्नां, आणि टेबलाच्या कोपऱ्यात माझे दोन जग, पाट्यांसकट.

अंकलनी पहिला पेला घेतला. वास घेतला, भुवई वर. “फेणी आसा मगो हातूंत?” मी म्हटलं, आसा. दुसऱ्या पेल्याला त्यांनी सोडा नको म्हणून सांगितलं आणि नंतर तेच बरोबर ठरलं : पाऊस, ओले कपडे, अशा हवेत सोडा कोणालाच नको होता. बर्फही कमी लागला. ज्यांना फेणीचा वास चालत नाही त्यांच्यातल्या दोघींनी घेतलं, एकीने एक घोट घेऊन आल्याचा जग गाठला. ठीक आहे.

आंटीचं मत सगळ्यात कामाचं : “गोड थोडं कमी कर. उन्हाळ्यात एवढं चालतं, पावसात नको.” चाखून पाहिलं, खरंच. गच्चीवर बाहेर गारवा, पेला कमी गार, म्हणून गोडी पुढे येते.

विसळताना साबणाचं पाणी लागलं की पेल्यांच्या तळाशी राहिलेलं लाल निळं व्हायचं. मुलं ते बघायला धावत येत होती, त्यामुळे पेले घासायला माणसं मिळाली.

२९ जून, रविवार

उरलेलं : दीडपटीचं सरबत एक बाटली, दुपटीचं दोन. फेणीतल्या साली अजून आहेत, आता खऱ्या मुरल्यात.

कागदावर अंतिम माप, फ्रिजच्या दारावर लावायला. पावसाळी : फेणी ४५, किसाचं सरबत १५, लिंबू १०, आगळ पाव चमचा, बर्फात हलवून, सोडा नाही. उन्हाळी : फेणी ४५, सरबत २०, लिंबू १२, आगळ पाव चमचा, सोडा ६०. सरबत दुपटीचं असेल तर दोन्हीकडे ते पाच मिलीने कमी आणि लिंबू तीन मिलीने जास्त.

पुढच्या वर्षी रातांबे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच बघायचे, मेच्या उन्हावर भिस्त नको. आठ किलो. मामीने तिच्या वाट्याचं आत्ताच सांगून ठेवलंय, बिया वेगळ्या.